ब्लाइंड हजबंड्स (1919): शेजारी बसलेली बायको न दिसणारा नवरा

मूकपट म्हणजे नुसती पळापळ आणि कॉमेडी असं वाटत असेल तर हा एकदा बघाच. एरिक फॉन स्ट्रोहाइमने दिग्दर्शित केलेला हा पहिलाच पिक्चर, गोष्ट पण त्याचीच आणि बायकांच्या मागे लागणारा, एका डोळ्याचा चष्मा लावणारा ऑस्ट्रियन लेफ्टनंट पण तोच झालाय.

डॉ. आर्मस्ट्राँग नावाचा अमेरिकन डॉक्टर बायकोला, मार्गारेटला घेऊन डोलोमाइट्सच्या डोंगरात सुट्टीला येतो. माणूस अजिबात वाईट नाही हो, मारत नाही, ओरडत नाही, फक्त त्याचं सगळं चित्त डोंगर चढण्यात आणि वाचनात, बायको सोबत आलीय हे जणू विसरूनच गेलाय. आणि लेफ्टनंट नेमकं तेच हेरतो.

मला सगळ्यात लागला तो आरशाचा सीन. रात्री मार्गारेट आरशासमोर बसून केस विंचरतेय आणि त्याच आरशात मागे पलंगावर नवरा गाढ झोपलेला दिसतो, बास, एवढंच, पण फ्रान्सेलिया बिलिंग्टनचा चेहरा बघून पोटात कालवतं. त्याच हॉटेलात एक हनिमूनचं जोडपं पण आहे, एकमेकांना सोडतच नाहीत, आणि ही बिचारी त्यांच्याकडे बघत राहते. (त्यातली नवी नवरी झालेली व्हॅलेरी जर्मोनप्रे पुढे खरंच स्ट्रोहाइमची बायको झाली.)

मधे लेफ्टनंटचं हॉटेलातल्या एका वेट्रेसबरोबरचं प्रकरण जरा लांबलंय. पण शेवटी दोघं पुरुष शिखरावर पोचतात, तिथे डॉक्टरच्या हाती बायकोने लेफ्टनंटला लिहिलेली चिठ्ठी लागते आणि ती वाचायच्या आधीच हातातून जाते, तिथून पुढे मी जागचा हललो नाही. चिठ्ठीत काय होतं ते सांगत नाही. गिब्सन गोलंडचा गाइड सेप मात्र नीट बघा, कमी बोलणारा माणूस पण सगळं ओळखून असलेला.

स्ट्रोहाइमला नाव ‘द पिनॅकल’ म्हणजे शिखर असं हवं होतं, युनिव्हर्सल स्टुडिओने बदललं आणि तो जाम भडकला होता. मला विचाराल तर बदललेलंच नाव बरोबर आहे, कारण बोट थेट नवऱ्याकडे जातं.

साधारण दीड तासाचा आहे. जुनी धुरकट कॉपी मात्र लावू नका, त्यात चेहरेच कळत नाहीत आणि इथे सगळा खेळ चेहऱ्यांचा आहे, रिस्टोअर केलेली मिळाली तरच बघा.