अळूच्या वाफ्यातली गिटार आणि तारांचं दीड पाकीट

आधी एक गोंधळ मिटवते, नाहीतर अर्धे लोक भलतंच समजून वाचतील. आपल्याकडे हवाइयन गिटार म्हटलं की मांडीवर आडवी घ्यायची, स्टीलचा बार तारांवरून सरकवायचा, व्हॅन शिप्लेसारखे वादक, जुन्या सिनेमातल्या गाण्यांच्या नुसत्या धून, हे असं सगळं आठवतं. आमचा डोंबिवलीचा मामा गणपतीच्या ऑर्केस्ट्रात तीच वाजवायचा. मी लिहितेय ती ही नाही. ही आपली साधी अकूस्टिक गिटार, नेहमीसारखी धरायची, बोटांनी वाजवायची, फक्त काही तारा मुद्दाम सैल करायच्या. इंग्रजीत स्लॅक की, हवाईच्या भाषेत की होआलु, म्हणजे खुंटी सैल सोड. इतकंच.

तिचं सगळ्यात कॉमन ट्युनिंग आहे टॅरो पॅच. टॅरो म्हणजे आपला अळू बरं का, म्हणजे हे झालं अळूच्या वाफ्याचं ट्युनिंग. (तिकडे अळूच्या कंदाचा लगदा करतात, त्याला पोई म्हणतात, आणि पानांना लुआउ म्हणतात, ज्यावरून त्या पार्टीचं नाव पडलं, पण अळूवडी कुणाला सुचली नाही, असो.) जाड तारेकडून मोजलं तर डी-जी-डी-जी-बी-डी. जीला सा धरा आणि वाचा: प सा प सा ग प. म्हणजे काहीही न दाबता नुसता हात फिरवला तरी सूर भरलेला, खाली अंगठा प-सा-प करत राहतो आणि वर बोटं गातात. तानपुरा आणि गाणारा एकाच लाकडी पेटीत. मी लहानपणी सहा वर्षं गाणं शिकले आणि सोडलं, त्यामुळे पहिल्यांदा हवाईतल्या मावी बेटावर नापिलीत जॉर्ज काहुमोकु ज्युनियर यांचा स्लॅक कीचा शो ऐकला तेव्हा नवरा समुद्र बघत होता आणि मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होते.

तिथून परत सॅन होजेला आले आणि गिटार शोधायला लागले. आता मुद्द्याचं, कारण मी यात पैसे घालवलेत आणि तुम्ही घालवू नये असं वाटतं.

पहिली चूक: प्रवासात नेता येते, मांडीत छान बसते म्हणून छोट्या स्केलची, म्हणजे आखूड तारांची, ट्रॅव्हल गिटार घेतली. ब्रँड सांगत नाही, गिटार वाईट नव्हती, नेहमीच्या ट्युनिंगमधे गोड वाजायची. पण तारा उतरवल्या आणि सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, तार अक्षरशः कपडे वाळत घालायची दोरी झाली, अंगठा मारला की आधी एक सूर, मग तो खाली घसरून दुसराच सूर, आणि सोबत किरकिर. तानपुऱ्याला जवारी लागते, इथे ती नको. दुकानातल्या मुलाला विचारलं तर म्हणाला तुमचा हात जड पडतोय. दोन महिने मी हात हलका करत बसले राव.

मग बसून हिशोब केला. तारेचा ताण सुराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ईची तार डीला आणली म्हणजे दोन अर्धस्वर खाली, ताण साधारण २० टक्के गेला. ती सीला आणली (सी ट्युनिंगं बरीच आहेत) तर ३७ टक्के गेला. आणि ताण लांबीच्याही वर्गाच्या प्रमाणात असतो. मोठी गिटार ६५० मिमीची, माझी छोटी ५९७ची, त्याच जाडीच्या तारा लावल्या तर त्यातच १५ टक्क्यांवर कमी. दोन्ही मिळून एक तृतीयांश ताण गायब. हात जड नव्हता, तार रिकामी होती! त्या मुलाचा राग नाही आता, त्याने कधी गिटार उतरवून वाजवली नसेल, पण मला कुणीतरी हे गणित आधी सांगायला हवं होतं.

तर माझ्या मते स्लॅक कीसाठी गिटार बघताना लाकूड, पॉलिश, ब्रँड या नंतरच्या गोष्टी. पहिली स्केल, म्हणजे नटपासून (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (खालच्या टोकाची पट्टी) तारेची वाजणारी लांबी. ६३०-६५० मिमी असावी, सी ट्युनिंगं वाजवायची असतील तर ६५०च. दुसरी नटची रुंदी. बाजारातल्या बहुतेक गिटारी ४३ मिमीच्या आसपास, बोटांनी वाजवणाऱ्याला पावणेदोन इंच म्हणजे साडेचव्वेचाळीस मिमी मिळाली तर स्वर्ग, कारण या वाजवण्यात हॅमर आणि पुल फार आहेत, बोट तारेवर आपटायचं किंवा तारेवरून ओढून उचलायचं, आणि शेजारची तार मधे आली की सगळं चिखल. दीड मिमीने काय होतंय असं वाटतं ना, मलाही वाटायचं.

आणि दुकानात एक टेस्ट करा, लाजू नका. गिटार हातात घेतली की नेहमीची दोन गाणी वाजवून बघू नका, ती सगळ्याच गिटारींवर बरी वाजतात. क्लिप ट्युनर सोबत न्या, सहावी, पाचवी आणि पहिली अशा तीन तारा एकेक सूर खाली घ्या (झालं टॅरो पॅच), आणि अंगठ्याने सहावी-चौथी, पाचवी-चौथी असं दोन मिनिटं चालू ठेवा. खालचे सूर वेगवेगळे ऐकू येतात की नुसतं घुमतंय ते बघा. मोठ्या अंगाच्या ड्रेडनॉट प्रकारात खालचा आवाज भरपूर असतो, पण काही गिटारींत तो इतका सुटतो की वरची चाल बुडते. मग बाराव्या, सातव्या, पाचव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) चाइम्स वाजवा, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा घंटीसारखा सूर, तो स्वच्छ यायला हवा. शेवटी गिटार परत नेहमीच्या सुरात लावून ठेवा, नाहीतर पुढचा गिऱ्हाईक शिव्या घालेल. एका दुकानात तर मी तारा उतरवतेय म्हटल्यावर काउंटरवरचा माणूस धावत आला, त्याला वाटलं मी तारा काढून नेतेय.

अशी सात-आठ गिटारींची टेस्ट करून शेवटी घेतली ती यामाहा एफजी ८३०, सेकंडहँड. वर सॉलिड स्प्रूस, मागे-बाजूला रोजवुड, स्केल ६५०, नट ४३. नट अजून रुंद हवं होतं पण माझी बोटं बारीक आहेत, चालतंय. स्वस्तातली भावंड एफजी ८००सुद्धा स्लॅक कीला पुरते, २०१६ला आलेली ही सगळी सिरीज मला पैशाच्या मानाने फार प्रामाणिक वाटते. सहा पैकी पाच मार्क. एक मार्क कापला कारण अंगाने मोठी आहे आणि माझी उंची पाच फूट, उजवा खांदा संध्याकाळी बोलतो.

कोआबद्दल विचाराल, सगळेच विचारतात. कोआ हे हवाईतच उगवणारं झाड, आपल्या बाभळीच्या गोतावळ्यातलं, मधासारखा रंग आणि वाघाच्या पट्ट्यांसारख्या रेषा. ऑल-कोआ गिटार होनोलुलुला हातात घेतली, वाजवली, किंमत बघितली, परत ठेवली. आवाज सुंदर पण नव्या कोआचा आवाज जरा मिटलेला असतो, वाजवून वाजवून खुलतो म्हणतात, आणि हजारो डॉलर देऊन खुलायची वाट बघायची हिंमत माझ्यात नाही. आणि तसंही ही कला काही महागड्या लाकडावर उभी राहिलेली नाही. व्हँकुव्हर नावाच्या इंग्रज दर्यावर्दीने १७९३ला हवाईच्या राजाला गाईगुरं भेट दिली, ती माजून रानभर झाली, म्हणून तिसऱ्या कामेहामेहाने १८३०च्या दशकात मेक्सिकन गुराखी बोलावले, ते गिटारी घेऊन आले. हवाईच्या गुराख्याला पानिओलो म्हणतात ते एस्पान्योल वरूनच. त्या लोकांनी हाताला आली ती गिटार घेतली आणि गाण्याला सोयीची वाटेल तशी उतरवली. मग एकेका घराण्याचं ट्युनिंग झालं आणि ते लपवायला लागले, वाजवून झालं की खुंट्या फिरवून ठेवायचे म्हणे, परक्याने बघू नये म्हणून. आपल्याकडचे जुने उस्ताद चीज चोरीला जाईल म्हणून अंतरा गायचे नाहीत त्यातलाच प्रकार. स्लॅक की वाजवणाऱ्या गॅबी पाहिनुईच्या १९४६च्या रेकॉर्डिंगपासून ते सगळं हळूहळू बाहेर आलं.

बरं, आता तारा, आणि खरं सांगू का, गिटारपेक्षा मला तारांवरच जास्त बोलायचंय, कारण चारशे डॉलरची गिटार जे करत नाही ते दहा-पंधरा डॉलरच्या तारा करतात.

बहुतेक गिटारींवर लाइट सेट असतो, १२ ते ५३. (म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच जाड.) त्यातली १२ची तार ईला साधारण २३ पौंड ताणावर असते, डीला आणली की साडेअठरा. म्हणजे लिबलिबीत. १३ची घ्या, ती ईला २७च्या वर असते, डीला आणली की पावणेबावीस. म्हणजे हाताला जवळजवळ नेहमीसारखीच. झालं, तोडगा सापडला, सगळा मीडियम सेट १३ ते ५६ लावून टाका असं वाटलं आणि मी लावला. आणि बोटं सोलली. कारण टॅरो पॅचमधे सहावी, पाचवी, पहिली एवढ्याच तीन उतरतात, मधल्या तीन, चौथी तिसरी दुसरी, जागच्या जागीच असतात, आणि तिथे मीडियमच्या जाड तारा पूर्ण ताणावर बसतात. सगळी नाजूक कामं नेमकी त्या मधल्या तारांवर.

म्हणून आता माझा फॉर्म्युला असा: उतरणाऱ्या तीन तारा मीडियम, न उतरणाऱ्या तीन लाइट. पहिली १३, दुसरी १६, तिसरी २४, चौथी ३२, पाचवी ४५, सहावी ५६. असा सेट तयार मिळत नाही, दोन पाकिटं फोडावी लागतात, पण आळशी लोकांसाठी शॉर्टकट आहे. डॅडारिओचं ईजे १९ नावाचं पाकीट, ब्लूग्रासवाल्यांसाठी केलेलं, १२-१६-२४-३५-४५-५६, फॉस्फर ब्राँझ. खालून जाड, वरून बारीक. त्यातली फक्त १२ची काढून सुटी १३ची साधी तार टाका, सुटी तार दीड-दोन डॉलरला मिळते. चौथी ३५ची जराशी जाड राहते, मला आवडतेच, अंगठ्याला काहीतरी धरायला मिळतं. उरलेल्या १२च्या तारा माझ्याकडे डबाभर साठल्यात, नवरा त्यांनी केक कापतो.

वाहिने ट्युनिंग वाजवणार असाल तर तिसरी तारही अर्धा सूर खाली येते, प सा प नि ग प, आणि पहिल्या फ्रेटवर हातोडी मारली की नि चा सा होतो, या ट्युनिंगचा सगळा जीव त्या एका हातोडीत आहे. तिथे २४ची तार बरोबर बसते, २६ लावलीत तर बोट आपटावं लागतं आणि नि-सा चा लाड जातो.

सिल्क अँड स्टील तारा मऊ असतात म्हणून कुणी सुचवेल, घेऊ नका, त्या मुळातच कमी ताणाच्या. कोटेड तारा समुद्राकाठी राहणाऱ्यांनी घ्याव्यात, आवाज किंचित झाकला जातो पण गंज चढत नाही आणि बोट सरकताना होणारा चूंईं आवाज कमी. नायलॉन हा वेगळाच विषय, कीओला बीमर आणि ओझी कोतानी नायलॉनवर काय सुंदर वाजवतात, पण त्याला क्लासिकल गिटार लागते, अकूस्टिकवर नायलॉन चढवू नका प्लीज.

तारा बदलल्यावर एक छोटं काम राहतं आणि तेच लोक विसरतात. नटमधल्या खाचा ५३च्या तारेसाठी कापलेल्या असतात, ५६ची त्यात अडकते, खुंटी फिरवली की काही होत नाही, होत नाही, आणि अचानक टिंग करून सूर उडी मारतो. मी आधी पेन्सिलीचं शिसं खाचेत घासलं, बऱ्यापैकी चाललं, मग कारागिराकडून खाच जराशी रुंद करून घेतली. घरी कानशीने करू नका, एक घास जास्त गेला की तार खाली बसते आणि मोकळी तार पहिल्याच फ्रेटला घासते. दुसरं, जुन्याच लाइट तारा ठेवून गिटार कायम उतरवलेली ठेवलीत तर मानेवरचा ओढ कमी होतो, मान सरळ होते, तारा फ्रेटला लागायला लागतात. ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव वळसा सैल करायला सांगा. आणि ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, फार खाली मागू नका, सैल तार जास्त हलते, तिला जागा लागते. कारागिराने पन्नास डॉलर घेतले आणि अर्धा तास मला मेक्सिकन गुराख्यांबद्दल विचारत बसला, पैसे वसूल.

डिसेंबरात ही गिटार विमानात केबिनमधे घालून डोंबिवलीला आणली. मामा आता पंचाहत्तरीचा, ऑर्केस्ट्रा कधीच बंद. मी टॅरो पॅचमधे दोन तुकडे वाजवले, त्याने डोळे मिटून ऐकलं, मग म्हणाला बघू इकडे. खुर्चीत सरसावून बसला, माझी एफजी मांडीवर आडवी घेतली, नुसता हात फिरवला, म्हणाला अगं ही तर लावलेलीच आहे. तिकडेही हे सगळं असंच झालं होतं, आधी सैल तारांची ट्युनिंगं, मग त्यावर लोखंड सरकवायचं सुचलं, हे मी त्याला सांगायच्या आत तो उठून कपाटातून रुमालात गुंडाळलेला बार घेऊन आला. तारांवर ठेवला. खर्रकन् फ्रेटवर घासला.

"ॲक्शन फार खाली आहे गं," म्हणाला, आणि नटखाली सरकवायला काहीतरी शोधायला लागला.