नेपाफेनॅकचे डोळ्याचे थेंब: ०.१ टक्का घ्यावा की ०.३?

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सूज आटोक्यात ठेवायला बहुतेक डॉक्टर दोन जातींचे थेंब देतात. एक स्टिरॉइड (प्रेडनिसोलोन, डायफ्लुप्रेडनेट, लोटेप्रेडनॉल) आणि दुसरा बिगर-स्टिरॉइड. नेपाफेनॅक या दुसऱ्या जातीतला. त्याचं खरं काम आत, पडद्याच्या मध्यभागी येणारी सूज रोखण्याचं. ही सूज बहुधा चार-सहा आठवड्यांनी येते, वरून डोळा अगदी स्वच्छ दिसत असताना. मधुमेह असेल तर धोका जास्त. म्हणून ‘आता दुखत नाही’ एवढ्यावर हा थेंब बंद करायचा नसतो.

औषध तेच, पण ०.१ टक्का दिवसातून तीनदा आणि ०.३ टक्का एकदाच. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कंपन्यांत पोरं-सुना कामाला गेल्या की घरच्या आजींचा दुपारचा थेंब हमखास चुकतो. अशा घरात ०.३ घ्यावा, पैसे वसूल आहेत. घालणारं माणूस दिवसभर घरात असेल तर ०.१ पुरतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अदलाबदल मात्र नको. केटोरोलॅकच्या मानाने हा चुरचुरतो कमी, ही जमेची बाजू. उणी बाजू अशी की औषध तळाशी बसतं. बाटली हलवली नाही तर वरचं पातळ पाणीच डोळ्यात जातं. थेंबानंतर थोडा वेळ धूसर दिसतं, लगेच स्कूटर काढू नये.

गोळे कॉलनीच्या औषधबाजारातून घ्या नाहीतर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून, पण बिल करण्याआधी नावाची शेपटी वाचा. मॉक्सिफ्लॉक्सासिन या जंतुनाशकाच्या जोड-थेंबांत ‘डी’ म्हणजे सहसा डेक्सामेथासोन, ‘केटी’ म्हणजे केटोरोलॅक, ‘एलपी’ म्हणजे लोटेप्रेडनॉल. पुढचं नाव तेच असतं, औषध निराळं. ‘सेमच आहे’ म्हणून हातात पडलेल्या बाटलीत स्टिरॉइड दुप्पट होऊ शकतं, आणि काहींच्या डोळ्याचा दाब त्याने चढतो. उलट चिठ्ठीतलं स्टिरॉइड एकदम तोडलं तर सूज उसळते. ते आठवड्या-आठवड्याने उतरवतात. कधी किती थेंब, हा डॉक्टरांचा तक्ता फ्रिजच्या दारावर चिकटवा.

बऱ्याच बाटल्यांचं नाक बंद येतं. झाकण घट्ट पिळलं की आतला टोचा भोक पाडतो. सुईने पाडलेलं भोक मोठं होतं, थेंब जाड पडतो, वर जंतूंची सोय. हात धुवा, खालची पापणी ओढा, एकच थेंब. डोळ्यात तेवढाही मावत नाही, दुसरा गालावरच जातो. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने हलकेच एक-दोन मिनिटं दाबा. बुबुळ दाबायचं नाही. पुढचा थेंब पाच मिनिटांनी. घाई केली की दुसरा पहिल्याला धुऊन काढतो.

मुदत स्वतः वाढवू नये. नेपाफेनॅक साधारण दोन आठवड्यांचा, मधुमेह्यांना डॉक्टर जास्त दिवस देतात. उगाच रेटला तर बुबुळावरची जखम भरत नाही, कोरड्या डोळ्यांत तर जास्तच. उघडलेली बाटली महिन्याने टाका. एप्रिलच्या उन्हात गाडीत ठेवू नका. थेंब चालू असेपर्यंत रामकुंडात डुबकी नको.

थेंब चालू असतानाही दुखणं वाढलं, लाली चढली किंवा नजर उतरली, तर रात्र काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.