उत्तराच्या आधी चित्र : प्रा. आर्थर मॅटक यांची अवकल समीकरणांवरील व्याख्याने

डिप्लोमा करून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेतलेली काही मुले दर वर्षी माझ्याकडे एम-थ्रीसाठी (अभियांत्रिकी गणिताच्या तिसऱ्या पेपरसाठी) येतात, आणि बहुतेकांचे म्हणणे एकच असते : "सर, एलडीई जमत नाही, तेवढी सोडवायची पद्धत सांगा." एलडीई म्हणजे रेषीय अवकल समीकरणे; अवकल समीकरण एखादी राशी कशी बदलते ते सांगते आणि त्यावरून ती राशी शोधायची असते. गेल्या वर्षीची मुले तर गणिताचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर देणारे एक ॲप घेऊनच आली होती. वह्या भरलेल्या होत्या आणि उत्तरे बरोबर होती, परंतु त्यांतील एकही पायरी का केली हे कोणालाही सांगता येत नव्हते. तेव्हापासून मी शिकवणीची सुरुवात अमेरिकेतील एमआयटीच्या ओपनकोर्सवेअर या संकेतस्थळावरील प्रा. आर्थर मॅटक यांच्या व्याख्यानांनी करतो. वर्षभराच्या वापरानंतर त्यांविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

१८.०३ या क्रमांकाच्या अभ्यासक्रमाची ही व्याख्याने २००३ साली वर्गात चित्रित केलेली आहेत. प्रत्येक व्याख्यान साधारण पाऊण तासाचे किंवा थोडे अधिक आहे, आणि ती पाहण्यासाठी ना शुल्क द्यावे लागते ना नावनोंदणी करावी लागते. साधने म्हणाल तर खडू आणि फळा, एवढीच.

पहिल्याच व्याख्यानात मॅटक समीकरण सोडवायला घेत नाहीत, ते आधी त्याचे चित्र काढून दाखवतात. वाय-प्राइम (म्हणजे वक्राचा उतार) बरोबर उणे एक्स भागिले वाय हे समीकरण आपल्याकडचा विद्यार्थी चले वेगळी करून मिनिटभरात सोडवतो, शेवटी 'सी' हा स्थिरांक लिहितो आणि पुढच्या गणिताकडे वळतो. येथे मात्र आदिबिंदूतून जाणारी एक रेषा घेतली जाते, त्या रेषेवर सगळीकडे उतार सारखाच येतो हे दाखवले जाते, आणि तो उतार त्या रेषेला नेमका लंब असल्याने प्रत्येक रेषेवर छोट्या लंब रेघा मारत गेल्यावर वर्तुळे आपोआप डोळ्यांसमोर उभी राहतात. मी व्याख्यान तेथेच थांबवून मुलांना हे आलेखाच्या कागदावर काढायला लावले. एक मुलगा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे तो सी म्हणजे ही सगळी वर्तुळं?" तीन सत्रे तो 'सी' लिहीत आला होता! त्यानंतर, फल (फंक्शन) म्हणून पाहिले तर एका वेळी अर्धेच वर्तुळ घेता येते आणि एक्स-अक्षाशी उत्तर संपते, हे समजायला त्याला फार वेळ लागला नाही.

माझ्या मते या मालिकेचा सर्वांत मोलाचा भाग तेराव्या आणि चौदाव्या व्याख्यानांत आहे. डी-ऑपरेटर (विकलनासाठी लिहिलेले 'डी' हे चिन्ह) वापरून पीआय (पर्टिक्युलर इंटिग्रल, म्हणजे समीकरणाचे एक विशिष्ट उत्तर) काढण्याची जी रीत आपण एम-थ्रीत शिकवतो, तीच येथे आहे. छेदात शून्य आले की आपल्याकडे 'केस ऑफ फेल्युअर' म्हणून एक्सने गुणायला आणि छेदाचे विकलन करायला सांगितले जाते, आणि मुले तो नियम पाठ करतात. मॅटक तेथून थेट अनुस्पंदनाकडे (रेझोनन्सकडे) जातात. वाय-डबल-प्राइम अधिक चार वाय बरोबर कॉस दोन एक्स हे स्प्रिंगच्या हेलकाव्याचे उदाहरण घ्या : पीआय येतो एक्स साइन दोन एक्स भागिले चार. हा बाहेर आलेला एक्स म्हणजेच वाढत जाणारा आयाम (हेलकाव्याचा आवाका) होय, कारण बाहेरून दिलेला हेलकावा आणि स्प्रिंगचा स्वतःचा हेलकावा यांची वारंवारता एकच आहे. झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका देत राहिल्यावर काय होते हे ज्याने अनुभवले आहे, त्याला हा एक्स पुन्हा विसरायला होत नाही.

अवकल समीकरणाचे साध्या बीजगणितात रूपांतर करणाऱ्या लाप्लास परिवर्तनाची ओळखही अशीच मुळातून करून दिलेली आहे. घात श्रेणीतील पूर्णांक घातांकाच्या जागी सलग बदलणारे चल आणि बेरजेच्या जागी संकलन (इंटिग्रेशन) घेतले की लाप्लासचे सूत्र कसे समोर येते, हे ते दाखवतात. कोष्टक पाठ केलेल्या मुलांना या सूत्राला काही उगम असतो याचेच नवल वाटले.

उणिवा आहेत, आणि त्या आधीच माहीत असाव्यात. चित्रण जुने आहे. इंग्रजी सोपे असले तरी मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना सुरुवातीला उपशीर्षके लावावी लागतात. आपल्या प्रश्नपत्रिकेला लागतो तेवढा सराव केवळ व्याख्याने पाहून होत नाही, आणि आंशिक अवकल समीकरणे (एकाहून अधिक चलांची) येथे नाहीत. त्याच संकेतस्थळावर स्वतः अभ्यास करणाऱ्यांसाठी याच विषयाची आणखी एक आवृत्ती आहे. तिच्यात उत्तरांसह उदाहरणे मिळतात. तरीही विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवण्याला पर्याय नाही.

परीक्षेला महिनाच उरला असेल, तर पहिले आणि तिसरे व्याख्यान पाहून नववे, तेरावे, चौदावे आणि मग लाप्लाससाठी एकोणिसावे ते बाविसावे, एवढे पुरे आहे. वेळ हाताशी असल्यास मात्र एकही गाळू नये. वही समोर ठेवावी, फळ्यावर समीकरण लिहिले गेले की चित्र थांबवावे, आधी स्वतः करून पाहावे आणि मगच पुढे जावे.