नाकावरचा बेसल सेल : ऑपरेशन करावं का शेक (रेडिएशन) घ्यावा?

मामाच्या नाकाच्या बाजूला काळा फोड दोन वर्षांपासून होता, खपली निघायची, जरासं रक्त यायचं, पुन्हा खपली धरायची, अन् गावात कोणी बिब्बा लाव म्हणे तं कोणी चुना. तुकडा तपासला तं बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा एक कॅन्सर, निघाला. आपल्या सावळ्या कातडीवर हा बऱ्याचदा काळाच दिसते, म्हणून तीळ समजून राहून जाते. बिब्बा तर लावूच नका, वरून जळते अन् आतलं तसंच राहते.

हा कॅन्सर हळू वाढते, दुसऱ्या अवयवात जाणं फार क्वचित, पण जागच्या जागी कुरतडत जाते, नाकपुडी, पापणी, खालचं हाडसुद्धा. म्हणजे आठ-पंधरा दिवस विचाराला आहेत, पुढच्या हंगामावर टाकायचं नाही.

ऑपरेशनात लहान गाठ असली की भोवतालची साधारण 4 मिलिमीटर चांगली कातडी धरून काढतात, बहुतेक वेळा तेवढीच जागा बधिर करून. मला यात सगळ्यात पटलं ते हे की काढलेला तुकडा लॅबला जाते अन् कडा मोकळ्या, म्हणजे कॅन्सरविना, आहेत का ते लेखी कळते. लहान गाठीत 100 पैकी 95 च्या आसपास लोकांना पाच वर्षांत परत होत नाही. नाकावर कातडी कमी, म्हणून बाजूची सरकवून लावावी लागते, व्रण राहते, मामीला त्याचीच भीती.

शेकात कापाकापी नाही, पण आठवड्यातून 5 दिवस, बरेचदा 3 ते 6 आठवडे जावं लागते. आर्वीकडून रोज नागपूर म्हणजे कापूस वेचणीच्या दिवसात घरातला एक माणूस कामातून गेला. कडाही तपासता येत नाहीत, अन् पुढे काही वर्षांनी ती जागा पांढरट, पातळ होते, म्हणून साठीच्या आतल्यांना डॉक्टर सहसा देत नाहीत. पण कोणाचे आजोबा 85 चे असतील, ऑपरेशन झेपणार नसेल, तर शेकच बरा.

इमिक्विमॉडचं मलम फक्त वरवरच्या प्रकाराला, 6 आठवडे, नाकावरच्या गाठीला नको.

खर्चासाठी रेशन कार्ड अन् आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेचं आधीच विचारा. आमच्या भागाला नागपूरचं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल किंवा सेवाग्राम जवळ पडते.

मामाचं वय 66, तब्येत टणक, आम्ही ऑपरेशनच ठरवलं. रिपोर्ट आला की कडांची ओळ डॉक्टरकडून वाचून घ्या, मोकळ्या नसतील तर परत काढावं लागते किंवा मग शेक.