इकालुइटची समुद्राच्या बर्फावरची डे टूर: इग्लूसाठी नको, कपड्यांसाठी आणि आजींच्या दिव्यासाठी करा

आधी निकाल सांगून टाकते, 5 पैकी 4. इग्लूसमोर फोटो काढायचाय एवढंच डोक्यात असेल तर तुम्हाला 2 पण जास्त वाटतील. पण तसल्या थंडीत माणसं पिढ्यान्‌पिढ्या जगली कशी हे अंगावर घालून, हातात धरून आणि खाऊन बघायचं असेल तर बिनधास्त जा.

इकालुइट म्हणजे नुनावुत या प्रदेशाची राजधानी, कॅनडाच्या बाफिन बेटावर. बाहेरून तिथे रस्ताच जात नाही, आम्ही ओटावाहून विमानाने गेलो, साधारण 3 तास लागतात. टूर एका इनुइट (तिथले मूळ रहिवासी) कुटुंबाची आहे, स्नोमोबाईल (बर्फावरची मोटरगाडी) चालवणारे काका, त्यांची म्हातारी आई, म्हणजे आमच्या आजी, आणि सून जी बुकिंगचे मेसेज बघते (म्हणजे कधीकधी बघते, त्यावर येतेच). आम्ही मार्च संपता संपता गेलो आणि ते बरंच झालं, कारण डिसेंबरात तिथे सूर्य जेमतेम 4 तास दिसतो, मार्चअखेर दिवस 12 तासांच्या वर जातो आणि समुद्र मात्र अजून घट्ट गोठलेला असतो. सकाळी उणे 25, वर वारा.

आता कपडे. टूरचे निम्मे पैसे मी एकट्या कपड्यांना देईन. कॅरिबूच्या, म्हणजे तिकडच्या रानटी रेनडिअरच्या, कातड्याचे दोन थर असतात, आतल्या थराचे केस अंगाकडे आणि बाहेरच्या थराचे केस बाहेर. केस आतून पोकळ, त्यात हवा अडकलेली, शिवाय दोन थरांच्या मधे पण हवा. पार्क्याला, म्हणजे टोपी जोडलेल्या जाड कोटाला, पुढे चेन नाही, बटण नाही, डोक्यातून घालायचा, म्हणजे वारा शिरायला फटच नाही, आणि तो मुद्दाम ढगळ असतो. गरम व्हायला लागलं की टोपी मागे सरकवायची, गरम हवा मानेकडून निघून जाते. काका सारखे सांगत होते की घाम येऊ देऊ नका, घाम आला की तो गोठतो आणि मग खरी पंचाईत. हे ऐकायला सोपं वाटतं, पण माझ्या नवऱ्याने अंगात भारीतलं डाऊन जॅकेट घातलेलं, चढावर ढकलाढकली केल्यावर तो आतून ओला झाला आणि पुढचा तासभर कुडकुडत बसला, मी शेजारी मजेत. वजनाला पण हलकं आहे हो, बघून वाटत नाही.

तोटे पण सांगते. केस झडतात, सगळीकडे, चहात सुद्धा. वास येतो, वाईट नाही पण येतो. आणि तंबूत शिरायच्या आधी काका एक काठी घेऊन अंगावरचं बर्फ झटकत होते, अक्षरशः बडवत होते, पाठ, बाह्या, गुडघे, टोपीची कड. मला आधी गंमत वाटली, मग कळलं की हे राहिलं तर उबेत वितळून कातड्यात मुरतं आणि बाहेर गेल्यावर ते कातडं कडक होतं. आत गेल्यावर आजींनी माझी बाही हातात घेऊन परत एकदा तपासली आणि मला चक्क बाहेर पाठवलं, अजून झटक म्हणून.

शिवण जवळून बघा, विसरू नका. आजींनी सीलच्या कातड्याचे बूट, कामिक, उलटे करून दाखवले. कॅरिबूच्या स्नायुबंधाचा धागा असतो, तो ओला झाला की फुगतो आणि सुईची भोकं बंद होतात, आणि जिथे पाणी आत येऊ द्यायचं नाही तिथे सुई कातड्याच्या आरपार नेतच नाहीत, अर्ध्या जाडीतून फिरवतात. मी फोनचा टॉर्च लावून बघितलं, बाहेरून टाका दिसत नाही. अमाउती पण होती, आयांचा पार्का, पाठीवर टोपीखाली बाळासाठी पिशवी असलेला. बाळ आईच्या पाठीला चिकटून आत बसतं. ही घालू देत नाहीत, फक्त बघायला मिळते, ते ठीकच आहे.

इथे माझी पहिली तक्रार. जाहिरातीत सगळ्यांना पारंपरिक कपडे मिळतील असं लिहिलंय आणि प्रत्यक्षात दोनच जोड होते, आम्ही सहाजण. मला मिळाला कारण मी बुटकी. विचारल्यावर काकांनी कारण सांगितलं आणि कारण खरं आहे, बाफिन बेटावर कॅरिबूंची संख्या इतकी घसरली की 2015 मध्ये शिकार बंद करावी लागली आणि नंतर ठरावीक कोट्यातच परवानगी मिळाली, आणि कपड्यांना कातडं लागतं ते उन्हाळा संपतानाचं, तेव्हाच केसांची जाडी नीट असते. मान्य, शंभर टक्के मान्य. पण मग जाहिरातीत तसं लिहा ना.

प्रवास कामुतिकवर, ती लांब लाकडी घसरगाडी, स्नोमोबाईलच्या मागे बांधलेली. आडव्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसतात, दोरीने आवळलेल्या असतात, त्यामुळे खाचखळग्यांत गाडी वाकते पण मोडत नाही. इकालुइटच्या समोरच्या फ्रोबिशर उपसागरात भरती-ओहोटीचा फरक 10 मीटरच्या वर जाऊ शकतो, त्यामुळे किनाऱ्यालगतचं बर्फ रोज उचललं जातं, आपटतं, तुटतं, घराएवढे तुकडे उभे असतात आणि त्यातून वाट काढत जायचं. पाठीचा त्रास असलेल्यांनी पुन्हा विचार करा. कुत्र्यांची गाडी यात नाही, ती वेगळी बुक करावी लागते.

पुढे सपाट बर्फावर काकांनी सीलचं श्वास घ्यायचं भोक दाखवलं, अग्लू. सील पुढच्या पंजांच्या नखांनी खरवडून अशी बरीच भोकं सगळा हिवाळा उघडी ठेवतो, आणि शिकारी त्यातल्या एकावर हार्पून (दोरी बांधलेला भाला) घेऊन न हलता, न बोलता तासन्‌तास उभा राहायचा, पायाखाली केसाळ कातड्याचा तुकडा, आवाज खाली जाऊ नये म्हणून. आम्हाला काकांनी तसं उभं केलं आणि गप्प बसायला सांगितलं. दहा मिनिटांत सगळे चुळबुळायला लागले. एका बाईंनी विचारलं सील कधी येणार, काका म्हणाले कदाचित उद्या. मला हे फार आवडलं, उगाच काही दाखवायचं म्हणून दाखवलं नाही. मारलेल्या सीलच्या तोंडात गोडं पाणी घालायची रीत पण त्यांनी सांगितली, खाऱ्या समुद्रात राहून तो तहानलेला असतो म्हणून. आणि मांस वाटून खायचं, एकट्याने ठेवायचं नाही, ते आजही चालतं.

इग्लू... काय सांगू. जाहिरातीत 'इग्लू बांधायचा अनुभव', आणि प्रत्यक्षात आधीच्या ग्रुपसाठी बांधलेला तयार इग्लू. आम्हाला चार-पाच ठोकळे कापून दाखवले, बस. ते कापणं बघण्यासारखं आहे, काका लांब सुरी आधी बर्फात खुपसून बघतात, सगळा थर एकाच वादळात वाऱ्याने दाबून बसलेला हवा, नाहीतर ठोकळा थरावर फुटतो. पहिली रांग उतरती छाटतात म्हणजे पुढचे ठोकळे आपोआप गोल गोल वर चढत जातात. आत झोपायचा कट्टा दारापेक्षा उंच, थंड हवा खाली राहते. हे सगळं माणसाने स्वतः करायला मिळालं असतं तर पूर्ण 5 दिले असते. आणि कुणी आता इग्लूत राहतं असं समजून जाऊ नका, 1950-60 च्या दशकांत बहुतेक कुटुंबं वस्त्यांमध्ये आली, काकांचं घर तुमच्या-माझ्यासारखंच हीटरवालं आहे, आणि पूर्वीसुद्धा उन्हाळ्यात कातड्याचे तंबूच असायचे.

मग आजींचा दिवा. कुल्लिक, सोपस्टोनचा अर्धचंद्राकृती उथळ दिवा. सीलची चरबी कुटून तेल सोडवायचं, वात म्हणजे टुंड्रावरच्या कापसासारख्या गवताची बोंडं आणि शेवाळ, सरळ कडेला ओळीने लावायची. आजी एका छोट्या काडीने ज्योत सारखी करत होत्या, जरा कुठे उंच झाली की दाबायची, नाहीतर काजळी धरते. झाडं नसलेल्या प्रदेशात उजेड, ऊब, प्यायचं पाणी आणि ओले हातमोजे वाळवणं सगळं यावरच, आणि दिवा घरातल्या बाईचा असायचा. त्या इंग्रजी फार बोलत नाहीत, सून भाषांतर करते आणि मधेच फोन बघते, तेवढं खटकलं.

जेवणात गोठलेला कच्चा मासा ('आर्क्टिक चार' नावाचा), पुठ्ठ्यावर ठेवून उलूने, म्हणजे अर्धगोल पात्याच्या सुरीने, कापलेला, जिभेवर लोण्यासारखा वितळतो. मक्ताक, म्हणजे नारव्हाल या लांब सुळ्याच्या व्हेलची कातडी चरबीसकट, रबरासारखी चावायला लागते, चव मात्र सौम्य, आणि त्यात व्हिटॅमिन सी चांगलं असतं, भाजीपाला नसताना तेच कामाला यायचं. न खाणाऱ्यांसाठी बॅनॉक ब्रेड आणि जाम आहे, कुणी आग्रह करत नाही. शुद्ध शाकाहारी लोकांनी डबा न्या.

माणशी 450 कॅनेडियन डॉलर घेतात, महाग आहे पण इकालुइटमध्ये सगळंच विमानाने नाहीतर उन्हाळ्यात बोटीने येतं, त्यामुळे काय स्वस्त असणार. हवामानामुळे टूर पुढे गेली तर दुसरी तारीख देतात, रिफंडचं विचारलं तर उत्तर यायला फार वेळ लागतो, म्हणून शेवटच्या दिवशी बुक करू नका, हातात एक-दोन दिवस ठेवा. आणि बुक करतानाच उंची कळवून कॅरिबूचा जोड राखून ठेवायला सांगा, मेसेजवर नको, फोन करा.