सुतारमुंगी आणि ओंबील: कोरलेलं घर, शिवलेलं घर

पूर्व अमेरिकेच्या जंगलातली काळी सुतारमुंगी लाकूड खात नाही, नुसतं कोरते. ओलाव्याने मऊ पडलेल्या ओंडक्यात दालनं काढते आणि भुसा बाहेर टाकते. आतल्या भिंती मात्र पॉलिश केल्यासारख्या गुळगुळीत!

आपल्या कोकणातली ओंबील जिवंत पानांचं घर बांधते. काही कामकरी मुंग्या एकमेकींना धरून साखळी करतात, आंब्याची पानं जवळ ओढतात; बाकीच्या जबड्यात अळी धरून तिच्या रेशमाने कडा शिवतात. सुतारमुंगीची अळी तेच रेशीम स्वतःच्या कोषाला वापरते, ओंबिलीची अळी घरासाठी देऊन टाकते. मला तरी हेच घर जास्त भावतं. पण टिकाऊपणात ओंडकाच वरचढ. पानं वाळली की ओंबिलीला पुन्हा नवं घर शिवावं लागतं.