सोनोमा किनाऱ्याची पिनो न्वार : पुण्यात सात महिने

ऑक्टोबर ते एप्रिल या काळात कॅलिफोर्नियातील सोनोमा किनाऱ्यावरच्या पिनो न्वार या द्राक्षाच्या लाल वाइनच्या सहा बाटल्या मी पुण्यात घरी उघडल्या, आणि पहिल्या बाटलीविषयी झालेले माझे मत आज मला साफ चुकीचे वाटते. त्या संध्याकाळी ऑक्टोबरचा उकाडा होता, बाटली कपाटातून थेट टेबलावर आली होती, आणि नाशिकच्या दाट शिराझला सरावलेल्या जिभेला ही फिकट लाल वाइन पातळ आणि मद्यार्काने उग्र लागली.

फिकेपणा हा या द्राक्षाचा स्वभाव आहे. साल पातळ असल्याने रंग आणि तुरटपणा बेताचाच उतरतो. चवीचे खरे कारण मात्र धुके आहे. तिथे समुद्राच्या तळाकडचे थंड पाणी किनाऱ्यालगत वर येते, त्यावरची दमट हवा गारठून धुके बनते, आणि आतल्या भागातली तापलेली हवा वर चढू लागली की ते धुके डोंगरांमधल्या वाटांनी आत ओढले जाते. पेटालुमा गॅप ही अशीच एक वाट असून २०१७ साली तिला स्वतंत्र द्राक्षप्रदेश म्हणून मान्यता मिळाली. या गारव्यात द्राक्षे सावकाश पिकतात आणि त्यांचा आंबटपणा टिकतो. याच किनाऱ्यावरच्या फोर्ट रॉस-सीव्ह्यू या भागातले मळे मात्र उंचावर, धुक्याच्या थराच्या वर आहेत; तिथली बाटली मला अधिक भरीव लागली.

दुसरी बाटली तासभर फ्रिजमध्ये ठेवून साधारण १४ अंशांवर प्यायलो, तेव्हा चेरी, ओला पालापाचोळा आणि आमसुलाच्या सारासारखा स्वच्छ आंबटपणा असे सगळे वेगवेगळे जाणवले. पेल्यात ती लवकर तापते, म्हणून थोडी थोडीच ओतावी.

जेवणात तांबड्या रश्शापुढे ती पार हरवली, कारण तिखटाने तिचा फळांचा स्वाद झाकला जातो आणि मद्यार्कच तेवढा जाणवतो. गोडा मसाला आणि दाण्याचे कूट घातलेल्या भरल्या वांग्यांशी मात्र तिचे इतके जुळले की पुढच्या दोन्ही बाटल्या आम्ही त्यांच्यासाठीच राखल्या.

सहावी बाटली मी एप्रिलपर्यंत कपाटातच राहू दिली, ही माझी चूक. बूच किंचित वर आले होते आणि चव शिजवलेल्या मुरंब्यासारखी झाली होती. आयातशुल्कामुळे ही वाइन इथे महाग पडते, तेव्हा थंड साठवणीची सोय नसेल तर होळीपूर्वी संपतील एवढ्याच बाटल्या घ्याव्यात.